बाबांना पुन्हा त्या हॉटेलात न्यायचं का?

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांत आता मंद दिव्यांची, कापडी रुमालांची, दारात उभं राहून नाव विचारणारी हॉटेलं आली आहेत. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आली, पण तिथं शिरताना आपल्या माणसांचा पाय अजून अडखळतो. मी चौतीस वर्षं हॉटेलांत काढली. टेबलबॉय म्हणून लागलो, वेटर झालो, पुढं कॅप्टन, आणि शेवटची काही वर्षं अख्खा फ्लोअर सांभाळला. तुम्ही ज्या टेबलाशी बसता, त्याच्या उभ्या बाजूला माझं आयुष्य गेलं. या महिन्याच्या पत्रांत प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी भीड आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न : आई-बाबांच्या लग्नाला ४५ वर्षं झाली म्हणून आम्ही त्यांना घराजवळच्या नव्या मोठ्या हॉटेलात नेलं. बाबांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. मेनू कार्ड सगळं इंग्रजीत. बाबांनी वेटरला विचारलं, “कडक भाकरी हाय का वो?” तो हसला आणि दुसऱ्या वेटरकडं बघितलं. मग बाबा बोललेच नाहीत. पनीरचे दोन घास खाल्ले, ताक प्यायले. घरी आल्यावर आईला म्हणाले, “आपलं काम नव्हं ते.” बिल ३,८०० रुपये झालं, त्याचं काही नाही, पण त्यांचा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. पुढच्या महिन्यात आईची पासष्टी आहे. पुन्हा तिथंच न्यायचं का?
(एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : न्या, ताई. आणि तिथंच न्या.

आधी त्या हसण्याचं बोलतो. ते चुकलंच. नसलेल्या पदार्थाला ‘नाही’ म्हणायचीही रीत असते. “काका, कडक नाही आमच्याकडं, पण गरम ज्वारीची आहे, आणू का?” एवढं एक वाक्य पहिल्या आठवड्यात शिकवायचं असतं. पण तो मुलगा कुठला होता, हेही बघा. आज अशा हॉटेलांत वाढणारी बरीच मुलं ओडिशा, आसाम, नेपाळकडून आलेली असतात. ‘कडक भाकरी’ म्हटलं की त्यांना वाळलेली, शिळी भाकरी वाटते. पैसे देऊन कुणी शिळी भाकरी का मागेल, असं त्याच्या मनात आलं असेल. याने तुमच्या बाबांचं दुखणं कमी होत नाही, हे मला कळतं. पण दोष कुणाचा ते कळतं. ज्यानं त्या पोराला सोलापूर न शिकवता सोलापूरकरांच्या टेबलासमोर उभं केलं, दोष त्याचा.

आणि बाबांनी विचारलं त्यात वावगं काय होतं? पापडासारखी पातळ थापून खडखडीत वाळवलेली, महिनोन्‌महिने टिकणारी, आमटीत चुरली की आमटी पिऊन मऊ होणारी ही भाकरी आपल्याकडची खास चीज आहे. पाहुणे जाताना शेंगा चटणीबरोबर हिचे पुडे बांधून नेतात. गावातल्या सगळ्यात महागड्या हॉटेलात तिच्याबद्दल विचारायचं नाही, तर कुठं विचारायचं?

माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मी पुण्यात कॅप्टन झालो तेव्हा त्यांना माझ्या हॉटेलात जेवायला बोलावलं. सुट्टी घेऊन मीही त्यांच्यासमोर पाहुण्यासारखा बसलो. ते खुर्चीच्या कडेला बसले होते, अर्धे बाहेरच. समोर उभा केलेला कापडी रुमाल त्यांनी उचलला, नीट घडी करून बाजूला ठेवला, आणि मला म्हणाले, “मळंल.” मेनू कार्ड हातात आलं तेव्हा त्यांचं बोट उजवीकडच्या रकान्यावर गेलं आणि आकड्यांवरून खाली खाली सरकत राहिलं. पदार्थांच्या नावांकडं त्यांनी बघितलंच नाही. हे बोट मी त्याआधीही शेकडो टेबलांवर बघितलं होतं, पण स्वतःच्या बापाचं बघवेना.

तेव्हा आमचे सिनियर कॅप्टन आले. त्यांनी वडिलांच्या हातातून मेनू अलगद काढून घेतला, खाली वाकून त्यांच्या तोंडाशी तोंड आणलं आणि विचारलं, “सकाळी काय जेवलात?” वडील म्हणाले, “पिठलं.” “मग आता पातळ काहीतरी देतो, झणझणीत. भात आत्ता की मागनं?” असे दोन-तीन प्रश्न झाले. दाल आली, वांग्याची भाजी आली, तव्यावरची रोटी आली. तिसऱ्या घासाला वडिलांची पाठ खुर्चीला टेकली. पुढं आयुष्यभर मी टेबलाकडं बघताना हेच बघत आलो, पाठ टेकली की नाही.

आता तुमचं बघू. आईच्या पासष्टीच्या दोन-तीन दिवस आधी दुपारी चारच्या सुमाराला एकट्या त्या हॉटेलात जा. त्या वेळी दुपारचं जेवण आटोपलेलं असतं, रात्रीची तयारी सुरू व्हायची असते, मॅनेजर मोकळा असतो. रात्री साडेआठला सांगितलेलं त्याच्या डोक्यात राहत नाही. त्याला मागचं सगळं सांगा. आवाज चढवायची गरज नाही, जसं मला लिहिलंत तसंच सांगा. चांगला मॅनेजर असेल तर त्याला वाईट वाटेल आणि तो तुमचे आभार मानेल. त्याला म्हणा, त्या रात्री आमच्या टेबलाला मराठी बोलणारा माणूस द्या. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर तेही सांगा, आपल्या शहरात तसा माणूस मिळणं अवघड नाही. आणि कडक भाकरी हवी असल्याचं तेव्हाच सांगून ठेवा. गावात ती दुकानोदुकानी मिळते. दोन पुडे आणवून ठेवणं हॉटेलाला काहीच जड नाही.

टेबल स्वतः बघून ठरवा. भिंतीकडचं, पण एसीचा झोत डोक्यावर येणार नाही असं. गुबगुबीत सोफा नको, तिथून उठताना म्हाताऱ्या गुडघ्यांचे हाल होतात. हाताची खुर्ची मागा. स्वच्छतागृहाच्या वाटेत पायऱ्या आहेत का, तेही बघून ठेवा. पदार्थ तिथंच ठरवून टाका, म्हणजे रात्री आई-बाबांच्या हातात मेनू द्यावाच लागणार नाही. पदार्थ ठरवताना माझ्या सिनियरचाच प्रश्न विचारा, घरी सकाळी काय झालंय? त्यावरून ठरतं.

साडेसातला पोचा. नऊला तिथं गर्दी, गोंगाट आणि वेटरांची पळापळ असते. हातानं जेवायचं. काटे-चमचे उचलायला सांगितलेत तर कुणी मनावर घेत नाही, आम्ही दिवसाला वीस टेबलांवरून ते उचलायचो. बिल मात्र टेबलावर येऊ देऊ नका. आधी काउंटरवर सांगून ठेवा, हात धुवायला म्हणून उठा आणि भरून या. ज्यांनी मागावर दिवसाच्या मजुरीवर घर चालवलं, ते बिलाकडं बघून किती दिवसांची मजुरी गेली तेच मोजतात, आणि जेवलेलं अंगी लागत नाही.

प्रश्न : आमच्या कॉलनीतल्या हॉटेलात बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावतात. काढा म्हटलं तर मालक म्हणाले, “मेनूवर छापलंय, द्यावाच लागेल.” हे बरोबर आहे का?
(एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार हॉटेलानं सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानं घ्यायचा नाही, आणि तो दिला नाही म्हणून कुणाला आत येण्यापासून अडवायचं नाही. हॉटेलचालकांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ च्या निकालात ही तत्त्वं कायम ठेवली. त्यामुळं मेनूवर छापल्यानं ती रक्कम सक्तीची होत नाही. द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

आकडा लहान वाटतो म्हणून लोक सोडून देतात. समजा, तुमचं जेवण २,४०० रुपयांचं झालं. जीएसटी ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच, मिळून १२० रुपये. बिल झालं २,५२०. आता मध्ये १० टक्के सर्व्हिस चार्ज घाला, २४० रुपये. त्याच्यासकट जीएसटी लावला की कर होतो १३२ आणि बिल जातं २,७७२ वर. म्हणजे २५२ रुपये जास्त. सर्व्हिस चार्ज जेवणाच्या रकमेत मिसळून त्यावर जीएसटी लावायलाही त्याच तत्त्वांत मनाई आहे. (राहण्याच्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर असेल तर तिथं खाण्यावर १८ टक्के कर लागतो. कॉलनीतल्या हॉटेलाचा त्याच्याशी संबंध नाही.)

शांतपणे म्हणा, “हा काढून बिल पुन्हा द्या.” बहुतेक ठिकाणी एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक टेबलावर बसूनच लावा. जिल्हाधिकाऱ्यांकडंही तक्रार करता येते. बिल जपून ठेवा.

यात माझं स्वतःचं एक दुखणं आहे. मी वेटर असताना एका हॉटेलात हा चार्ज बिलात नेमानं लागायचा. पाहुण्यांना वाटायचं, पोरांना पैसे पोचले, म्हणून ते वेगळी टिप ठेवत नसत. आमच्या हातात त्यातला एक रुपया आला नाही. सहा महिने आम्ही विचारत राहिलो, उत्तर मिळालं नाही. म्हणून सांगतो, सर्व्हिस चार्ज काढायला लावलात आणि वाढणारा मुलगा मनापासून वागला असेल, तर जमेल तेवढं त्याच्या हातात रोख द्या. द्यायच्या आधी हळूच विचारा, “टिप तुम्हाला मिळते की सगळ्यांत वाटतात?” वाटत असतील तरी वाईट नाही, आत भांडी घासणाऱ्यापर्यंत त्यातलं पोचतं.

प्रश्न : वीस रुपयांची पाण्याची बाटली साठ रुपयांना लावली. तक्रार करू का?
(एक वाचक, सात रस्ता)

उत्तर : इथं तुमची बाजू लंगडी आहे. बसून जेवायच्या जागी छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. बसल्याबसल्या “साधं पाणी द्या” म्हणा. बाटलीचं झाकण फुटल्यावर वाद घालू नका.

प्रश्न : भाजी खारट निघाली तर परत पाठवणं बरं दिसतं का?
(एक गृहिणी, रेल्वे लाइन्स)

उत्तर : पाठवा, पण दुसऱ्या घासाला. अर्धी संपल्यावर नाही. “बदलून द्या” म्हणण्यापेक्षा “मीठ जास्त झालंय, चाखून बघा” म्हणा. आत एकाच ग्रेव्हीतून दहा टेबलांना जात असतं. तुम्ही सांगितलंत तर बाकीची नऊ वाचतात. आमचे शेफ अशा पाहुण्याला आठवणीनं काहीतरी गोड पाठवायचे.

प्रश्न : मुलीचं लग्न ठरतंय. व्याही लिंगायत, कट्टर शाकाहारी. आम्हाला आवडणारं हॉटेल दोन्ही प्रकारचं जेवण देतं. तिथं बोलणी करावी का?
(एक वाचक, बाळे)

उत्तर : मेनूवरचा हिरवा ठिपका बघून निश्चिंत होऊ नका. आतलं सांगतो. मोठ्या स्वयंपाकघरात पनीरची आणि चिकनची ग्रेव्ही बहुतेक एकाच पातेल्यातून निघते. लाल, पांढरी, पिवळी असे मसाल्याचे घाणे सकाळीच करून ठेवतात. घाणा शाकाहारीच असतो, पण घाईच्या वेळी डाव इकडचा तिकडं जातो. तंदूरचं तर विचारूच नका. एकाच भट्टीत शेजारी शेजारी सळ्या उभ्या असतात, पनीरच्याही आणि कोंबडीच्याही. तळायचं तेलही पुष्कळदा एकच.

तेव्हा मॅनेजरला सरळ विचारा, शाकाहारी तवा, कढई आणि भट्टी वेगळी आहे का? आणि “आत येऊन बघू का” असंही विचारा. ज्याच्याकडं खरंच वेगळं आहे तो अभिमानानं दाखवतो. “आमच्याकडं सगळं स्वच्छ असतं” असं मोघम उत्तर आलं तर समजा की वेगळं नाही.

माझं मत विचाराल तर या भेटीपुरतं शुद्ध शाकाहारी हॉटेल बघा. पहिल्या भेटीत व्याह्यांनी प्रत्येक घासाला शंका घेत जेवावं, हे बरं नाही. तुमचं आवडतं हॉटेल कुठं पळून जात नाही. कांदा-लसणाचंही आधी विचारून घ्या, आणि मुलाच्या आजीला काय चालतं ते विशेष करून. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचं पान नीट लागलं की बाकीच्यांची बोलणी सोपी जातात, हे मी अशा कितीतरी टेबलांवर बघितलं आहे.

प्रश्न : एका पॉश हॉटेलात ज्वारीची भाकरी ५५ रुपयांना आणि वाटीभर शेंगा चटणी ९० रुपयांना. भाकरी चामड्यासारखी. घरी काही रुपयांत होते ती चीज, ही लूट नाही का? की आम्हालाच कळत नाही?
(एक वाचक, अशोक चौक)

उत्तर : तुम्हाला अगदी बरोबर कळतं. चामड्यासारखी भाकरी पाच रुपयांनासुद्धा महाग. पण गरम, फुगलेली, पदर सुटलेली भाकरी असेल तर ५५ रुपयांना मी तक्रार करणार नाही. कारण हॉटेलाच्या स्वयंपाकघरात भाकरीइतका नाजूक पदार्थ दुसरा नाही.

गव्हाच्या कणकेला चिकटपणा असतो. ती सकाळी मळून ठेवली तरी रात्री पोळ्या होतात. ज्वारीत तो चिकटपणा नसतोच. गरम पाण्यानं उकड काढल्यासारखं पीठ मळलं तरच ते एकमेकाला धरतं, आणि तेही थोडा वेळच. मळून ठेवलेल्या गोळ्याची भाकरी कडेनं चिरते. दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना तुटणारच. ज्वारीही कुठली तेही बघायला हवं. आपल्याकडची रब्बीची मालदांडी, काळ्या रानात पावसाच्या उरलेल्या ओलीवर येणारी, तिच्या भाकरीला जी गोडी असते ती खरिपाच्या ज्वारीला नसते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ती याच गावात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. अशी ज्वारी तासाभरावर पिकत असताना मोठ्या हॉटेलानं भाकरीला दुय्यम समजावं, याचा मला खरोखर राग येतो.

चटणीची परीक्षा तर सोपी आहे. चिमूट घेऊन दोन बोटांत दाबा. बोटांना तेल लागलं आणि चटणी एकमेकाला धरून राहिली तर ती कुटलेली आहे. उखळात किंवा कांडपावर कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि लसूण-तिखट त्यात मुरतं. भुरभुरीत, कोरडी निघाली तर मिक्सरच्या पात्यानं नुसती बारीक केली आहे. तसल्या चटणीला ९० रुपये देऊ नका.

आता चामड्याचं कारण. हॉटेलात भाकरी थापायला बहुधा एक किंवा दोन मावश्या असतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांची वेळ रात्री साडेनऊ-दहापर्यंतच असते. घरी लांब जायचं असतं, पोरं वाट बघत असतात. जाताना त्या वीस-पंचवीस भाकऱ्या करून डब्यात घालून जातात. दहानंतर तुम्हाला जी येते, ती त्या डब्यातली. वाफेनं आधी ओली होते, मग तव्यावर पुन्हा टाकतात, मग चामडं होतं. म्हणून ऑर्डर देताना विचारा, “मावशी आहेत का अजून?” असतील तर भाकरी मागवा. नसतील तर पोळी घ्या, भाकरीचा हट्ट धरू नका. आणि सगळ्यांच्या भाकऱ्या एकदम मागवू नका, एकेक मागवा.

आमच्याकडं एक मावशी होत्या. परातीच्या कडेला पाण्याची वाटी, डाव्या हातावर गोळा, उजव्यानं थाप देत भाकरी गोल फिरवायच्या. तव्यावर पडली की वरून ओला हात फिरवायच्या, उलटायच्या, मग जाळावर उभी धरायच्या. भाकरी फुगली की चिमट्यानं ताटलीत टाकून वेटरला म्हणायच्या, “पळ.” तो परत आला की प्रत्येक वेळी विचारायच्या, “फुगलेली पोचली का रं?” पोरं कधी कधी हो म्हणायला विसरायची, तेव्हा त्या पुढचा गोळा हातात घ्यायच्या नाहीत. म्हणून तुमच्या टेबलावर फुगलेली भाकरी आली तर फोटो मागाहून काढा, आधी मोडा, आणि वाढणाऱ्या मुलाला सांगा, “आत सांग, फुगलेली आली.”